सायटिका : कळ पायात, मूळ कंबरेत



उसाच्या फडात हिंडताना एक गोष्ट फार दिसते. कंबरेला करकचून बांधलेला पंचा, पोटरीला बिब्ब्याचे चट्टे, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, "साहेब, शीर धरलीय."

हे दुखणे बहुधा सायटिकाचे असते. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. चरकसंहितेतही ते आहे, म्हणजे दुखणे काही नवे नव्हे. नेहमीचे कारण मात्र १९३४ साली अमेरिकेतील मिक्स्टर व बार या डॉक्टरांनी नीट दाखवून दिले. मणक्यांमधली गादी सरकते आणि नसेचे मूळ दाबते. ही शरीरातली सर्वांत जाड नस. कंबरेतून निघून मांडीच्या मागून खाली पावलापर्यंत तिच्या फांद्या जातात, म्हणून कळ पोटरीत येते. खोकलं, शिंकलं की चमक जास्त.

हुमणीने उसाचे पान पिवळे पडले तर आपण पानाला औषध मारीत बसत नाही, बुडखा उपटून मुळ्या बघतो. तीच अक्कल स्वतःच्या पायाबाबत का नाही? बिब्ब्याने कातडी तेवढी भाजते. आणि पायाळू माणसाची लाथ तर नकोच नको! आधीच नस दबलेली, त्यावर लाथ!

बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून उतरते. पूर्वी आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवीत. आता डॉक्टर झेपेल तसे हिंडते-फिरते राहा म्हणतात, सोबत औषध आणि व्यायाम. एम.आर.आय.ची घाई सर्वांना लागत नाही.

पण लघवी अडली किंवा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशीर झाला तर अधूपण कायमचे राहू शकते. बारीक ताप व वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. "गाळप संपू दे, मग बघू" हे इथे चालत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील सभासदांना लांजा, राजापूरचे ग्रामीण रुग्णालय किंवा कामथे, कळंबणीचे उपजिल्हा रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केले आहेत.

आता ओझ्याविषयी. युरियाचे पोते २०१८ पासून ५० चे ४५ किलो झाले, तरी एकट्याने पाठीवर घ्यायची चीज ती नव्हे. दोघांनी धरावे, गुडघ्यात वाकून उचलावे. १६ लिटरचा पंपही भरून पाठीवर घेतला की हलका नसतो.

आणि तोडणीवाले? मोळी मोठी बांधा म्हणून मुकादमावर ओरडणारे सभासद मी पाहिलेत. ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बाईलाही कंबर आहे. ट्रक अर्धा तास उशिरा भरला तर आपले काय बिघडते? तोडणीच्या बैठकीत मोळीच्या वजनाचा विषय मी काढणार आहे. सभासदांनी गट कार्यालयात येऊन आपले म्हणणे मांडावे.

— ऊस विकास अधिकारी