साऱ्यांना ठाऊक असलेले गुपित

जपानमधील मनोरंजनविश्वावर तब्बल सहा दशके अधिराज्य गाजविणाऱ्या 'जॉनी अँड असोसिएट्स' या कंपनीचे नाव ऑक्टोबर २०२३ मध्ये इतिहासजमा झाले. 'स्माइल-अप' असे नवे नाव घेतलेल्या या कंपनीकडे एकच काम ठेवण्यात आले. तिचे संस्थापक जॉनी किटागावा यांनी ज्या मुलांचे लैंगिक शोषण केले, त्यांना भरपाई देण्याचे. किटागावा यांचे निधन २०१९ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी झाले. त्या वेळी टोकियोतील भव्य श्रद्धांजली सोहळ्यात तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांचा शोकसंदेश वाचून दाखविण्यात आला होता. वृत्तपत्रांनी त्यांना तारे घडविणारा महापुरुष ठरविले होते. अवघ्या चार वर्षांत हे चित्र पार उलटले. मात्र या चार वर्षांत कोणताही नवा शोध लागलेला नव्हता. जे साऱ्यांना ठाऊक होते, ते मोठ्याने बोलले जाऊ लागले, एवढेच घडले.

किटागावा यांच्यावरील आरोप जुनेच होते. कंपनीतून बाहेर पडलेल्या एका गायकाने १९८८ मध्येच पुस्तक लिहून त्यांना वाचा फोडली होती. १९९९ मध्ये 'शुकान बुनशुन' या साप्ताहिकाने लेखमालाच प्रसिद्ध केली. किटागावा यांनी बदनामीचा दावा ठोकला. खालच्या न्यायालयात त्यांची सरशीही झाली. परंतु २००३ मध्ये टोकियो उच्च न्यायालयाने लैंगिक शोषणाबाबतच्या मजकुराचा महत्त्वाचा भाग खरा असल्याचा निर्वाळा दिला, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किटागावा यांचे अपील फेटाळले. न्यायसंस्थेच्या सर्वोच्च पायरीवर सत्य शाबीत झाले होते. तरीही फौजदारी खटला उभा राहिला नाही. बड्या वृत्तपत्रांनी या निकालाला कोपऱ्यात जागा दिली. दूरचित्रवाणी वाहिन्या तर गप्पच राहिल्या. किटागावा मृत्यूपर्यंत आपल्या खुर्चीवर होते.

हे कसे शक्य झाले, याचे उत्तर या धंद्याच्या रचनेत सापडते. दहा-बारा वर्षांची मुले 'ज्युनिअर' म्हणून कंपनीत दाखल होत. अनेकांशी साधा लेखी करारही केला जात नसे. कोणाला मंचावर पुढे उभे करायचे आणि कोणाला नव्या गटात घ्यायचे, याचा निर्णय एकाच माणसाच्या हाती होता. त्याच माणसाच्या घरी मुले मुक्कामाला जात. नकार म्हणजे कारकिर्दीवर पाणी, हे कोणी सांगावे लागत नव्हते. दुसरीकडे वाहिन्यांना या कंपनीचे तारे हवे होते, जाहिरातदारांना त्यांचे चेहरे हवे होते. एकाची बातमी दिली तर सगळेच तारे हातचे जातील, या भीतीने प्रत्येकाने आपापल्या सोयीचे मौन पत्करले. ऑगस्ट २०२३ मध्ये माजी महाअभियोक्त्यांच्या नेतृत्वाखालील चौकशी पथकाने आपल्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले. १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे शोषण चालले, बळींची संख्या किमान काही शेकड्यांत असावी, कुटुंबाच्या ताब्यातील कंपनीने त्याकडे डोळेझाक केली आणि माध्यमांच्या मौनाने त्याला बळ दिले, असा त्याचा निष्कर्ष होता.

ही कोंडी फोडली ती पीडितांनी. मार्च २०२३ मध्ये बीबीसीचा माहितीपट प्रसारित झाला. पुढच्याच महिन्यात कंपनीतील माजी गायक काउआन ओकामोटो यांनी टोकियोत विदेशी पत्रकारांच्या क्लबमध्ये स्वतःचे नाव आणि चेहरा न लपविता आपबीती सांगितली. देशी माध्यमांचे दार बंद असल्यामुळे परदेशी पत्रकारांचे दार ठोठवावे लागले, यातच सारे आले. त्यानंतर एकेक जण पुढे येऊ लागला, पीडितांची संघटना उभी राहिली, संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने जपानमध्ये येऊन त्यांचे म्हणणे ऐकले. सप्टेंबरमध्ये अध्यक्षा ज्युली फुजिशिमा यांना शोषण झाल्याचे मान्य करून पद सोडावे लागले. भरपाई मिळालेल्यांची संख्या पुढे पाचशेच्या वर गेली.

तथापि, बोलण्याची किंमतही पीडितांनीच मोजली. पैशांसाठी खोटे बोलतात, मृत माणसाची बदनामी करतात, अशा शिव्याशापांचा इंटरनेटवरून वर्षाव झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये संघटनेचा एक सदस्य मृतावस्थेत आढळला. त्याने आत्महत्या केली असावी, असा अंदाज व्यक्त झाला. भरपाईचा धनादेश या किमतीची बरोबरी करू शकत नाही.

कायद्यातील उणिवाही या प्रकरणाने उघड केल्या. जपानच्या दंडविधानात २०१७ पर्यंत बलात्काराच्या व्याख्येत पुरुष पीडिताला स्थानच नव्हते. संमतीचे वय १३ वरून १६ करण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. भारतात २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद ठेवलेला नाही, आणि गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे. बालकलाकारांच्या कामावर दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, त्यांच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुदत ठेवीत ठेवण्याचे बंधन आहे. कागदावर ही व्यवस्था जपानपेक्षा उजवी दिसते. पण मुंबईतील मालिकांच्या आणि बाल-स्पर्धांच्या चित्रीकरणस्थळी जे मूल उभे असते, त्याचे पुढचे काम ज्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची, या प्रश्नाचे उत्तर तासांच्या आणि ठेवींच्या हिशेबात मिळत नाही. पालकांच्या डोळ्यांतही तेव्हा प्रसिद्धीचेच स्वप्न असते.

म्हणूनच निर्मिती संस्था, वाहिनी आणि जाहिरातदार या तिघांच्याही पगारावर नसलेली तक्रार यंत्रणा हवी. जपानमध्ये न्यायालयाचा निकाल २००४ मध्येच कायम झाला होता. त्यानंतरही शोषण थांबले नाही. ज्या मुलांवर त्या निकालानंतर अत्याचार झाले, त्यांच्याबाबतीत 'आम्हाला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याचा अधिकार तेथील कोणत्याही वाहिनीला, वृत्तपत्राला वा जाहिरातदाराला उरलेला नाही.