वाईनची द्राक्षं लावायच्या आधी वाईन चाखून या



पुतण्या दोन एकर थॉमसन काढून वाईनची द्राक्षं लावायची म्हणतोय. जीए नको, डिपिंग नको, मणी विरळणी नको, मजूर कमी, फुगवणीची कटकट नाही, असं त्याचं गणित. गणित खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कळावं म्हणून त्याला घेऊन सोलापूर-पंढरपूरवरनं अकलूजला गेलो. माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रॅटेलीची वायनरी आहे. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील यांनी मिळून उभी केलेली. फ्रॅटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. बागा त्यांच्या स्वतःच्या.

पयलं एक सांगतो. चाखणं म्हणजे पिणं नव्हे. घोटभर तोंडात घ्यायची, जिभेवर फिरवायची, नाकानं वास घ्यायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकायची. जाणकार असंच करतात. आमच्या घरात माळकरी आहेत, तरी हे मी उघड लिहितोय, कारण आपल्याला पर्यटन करायचं नाही. त्या ग्लासात आपल्या बागेचा तपासणी अहवाल असतो आणि तो वाचायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

चाखायचा क्रम पांढऱ्याकडून लालकडं. शेनिन ब्लांक आंबट-ताजी लागली पाहिजे. मिळमिळीत लागली तर काढणी उशिरा झाली असं धरा. आपल्याकडं फेब्रुवारीनंतर ऊन वाढलं की साखर चढते, पण आम्ल त्याहून वेगानं उतरतं. नुसता ब्रिक्स बघून थांबलात तर गेलं. सोव्हिनियन ब्लांकला हिरव्या मिरचीसारखा वास येतो, तो थोडा असला तर चालतो. कॅबरनेटमध्ये तोच वास जास्त आला तर कॅनॉपी दाट होती, घडावर ऊन पडलं नाही किंवा माल कच्चा तोडला. लालमध्ये तुरटपणा टोचत असेल तर बी पिकलेलं नव्हतं. बी चावून बघायचं, तपकिरी आणि कुरकुरीत लागलं पाहिजे. रंग फिका आणि चव पातळ असेल तर पाणी जास्त झालं, नाहीतर वेलीवर घड जास्त ठेवले. सडक्या अंड्याचा वास आला तर त्याची कारणं बरीच असतात, पण भुरीसाठी काढणीच्या तोंडावर मारलेलं गंधक हे त्यातलं आपल्या हातातलं.

सगळ्यात शेवटी त्यांची सेत्ते. सांजोवेसे आणि कॅबरनेट सोव्हिनियन मिळून केलेली. पुतण्या म्हणला, काका, हे तर जांभळासारखं जिभेला धरतंय. बरोबर आहे. मणी बारीक, साल जास्त, रस कमी, म्हणून धरतंय. आपण आयुष्यभर मणी 18-20 मिलिमीटरचा व्हावा म्हणून राबलो, आणि इथं मोठा मणी म्हणजे दोष.

मग एकरी माल निम्म्यावर येणार हे उघड आहे. त्याचे पैसे कोण देणार? माझा खरा मुद्दा इथं आहे. टेबलाचं द्राक्ष एका व्यापाऱ्यानं नाकारलं तर दुसरा येतो, नाहीतर बेदाणा होतो. कॅबरनेटला बाजार समितीत कोण विचारणार? बी असलेला बारीक मणी, बेदाण्यालाही नाही. 2008 च्या मंदीनंतर वायनऱ्यांची खरेदी आटली तेव्हा नाशिक भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा कुऱ्हाडीनं तोडल्या. 2001 साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, त्या भरवशावर लावलेल्या बागा होत्या त्या. सरकारचं धोरण होतं, हमी नव्हती.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण यासाठी देतोय. तिथंही सगळ्यात जास्त लागवड शेनिन ब्लांकचीच, तिला ते स्टीन म्हणतात. जुन्या वेलींना माल कमी येतो, भाव मात्र टनावर, म्हणून शेतकरी त्या उपटत होते. मग काही जाणकारांनी पस्तीस वर्षांपुढच्या बागांची नोंद सुरू केली. 2018 पासून अशा बागेच्या वाईनच्या बाटलीवर शिक्का लागतो आणि त्यावर बाग लावल्याचं साल असतं. म्हणजे गिऱ्हाईक बागेच्या वयाचे पैसे मोजू शकतं. आपण पंधरा वर्षांच्या बागेला म्हातारी म्हणतो. तिथलं सगळंच घेण्यासारखं आहे असं नाही हां. मजुरीचा काही भाग वाईनमध्ये द्यायची डॉप पद्धत तिथं होती. कायद्यानं बंद झाली तरी मजुरांच्या वस्त्यांनी तिचे परिणाम पुढं कित्येक वर्षं भोगले. गावात दारू येईल म्हणणाऱ्यांची भीती म्हणूनच मी हसण्यावारी नेत नाही.

पण बाग लावायचीच असेल तर करार नुसता टनाचा नको. साखर, आम्ल आणि पीएच तिन्हीवर भावाच्या पायऱ्या ठरलेल्या पाहिजेत, आणि मोजणी बागेत, दोघांच्या समोर. गेटवर गाडी उभी करून 'क्वालिटी नाही' म्हणायला जागाच ठेवायची नाही. खरेदीची मुदत तीन वर्षांची देत असतील तर सरळ नाही म्हणा, कारण पहिला धड माल हाती यायलाच तेवढा काळ जातो. आणि आपल्या मालाची वाईन झाल्यावर ती आपल्याला चाखायला द्यायची, हे कलम मी तरी घालणार. त्याशिवाय पुढच्या छाटणीला काय बदलायचं हे कळणार कसं?

पुतण्या येताना गाडीत गप्प होता. खुंट लावायला अजून वेळ आहे, थॉमसन अजून उभी आहे. तुमच्यापैकी कुणी वायनरीशी करार केला असेल तर नावं झाकून त्याचा फोटो टाका. भाव कशावर ठरलाय आणि माल नाकारायचं कलम काय लिहिलंय, एवढं दिसलं तरी पुरे.