लस कोणती, किती वेळा?

दरवर्षी सगळ्याच लसी हव्यात का, हा मीरा रोडच्या श्वानपालकांचा प्रश्न रास्त आहे. पिल्लाचा लसक्रम आणि नंतरचा बूस्टर पूर्ण झाला, की डिस्टेंपर व पार्व्होची लस तीन वर्षांच्या आत पुन्हा देऊ नये, असे लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटना सांगते. लेप्टोचे संरक्षण मात्र वर्षभराचेच. पाणी तुंबणाऱ्या, उंदीर असलेल्या भागात ही लस दरवर्षी हवी. रेबीजबाबत तडजोड नाही. लक्षणे दिसल्यावर कुत्रा काय, माणूसही वाचणे जवळपास अशक्य. कुत्र्याचे वय, आजार, फिरण्याच्या जागा विचारून वेळापत्रक आखणारा, कारणे समजावणारा पशुवैद्य शोधावा. मात्र मालकाच्या प्रत्येक ‘नको’ला मान डोलावणारा नव्हे.