सहल 'सोपी' म्हणजे नेमकी किती सोपी?



रविवारी सकाळी पुण्याला फोन लावला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या भिशीतल्या सगळ्या लडाखला चालल्यात. फक्त बायकांची सहल आहे. जाऊ का रे?"

आणि ट्रॉयमधल्या सोफ्यावर बसून आपण ठरलेलं उत्तर देतो, "आई, ह्या वयात कशाला?" आम्हीही तेच दिलं. पलीकडे दोन क्षण शांतता. मग, "बरं, राहू दे." ते "राहू दे" काही आमच्या डोक्यातून जाईना... म्हणून हा लेखनप्रपंच!

केसरीची 'माय फेअर लेडी' आणि पुढे २०१३ मध्ये सुरू झालेल्या वीणा वर्ल्डची 'वुमन्स स्पेशल' यांनी मराठी घरांत एक मोठा बदल घडवला. जन्मभर नवऱ्याची रजा आणि मुलांच्या परीक्षा बघून, डबे बांधून प्रवास केलेली आपल्या आयांची पिढी पहिल्यांदा स्वतःसाठी बॅग भरू लागली. त्यामुळे आपला "नको" वाटतो तितका साधा नसतो. पण डोळे मिटून "जा" म्हणणंही बरोबर नाही. २०२२ मध्ये चारधाम यात्रा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याभरातच सुमारे शंभर यात्रेकरू दगावले, त्यातले बहुतेक हृदयविकाराने.

मग ठरवायचं कसं? आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. ऑफिसात कुणी "सिस्टिम फास्ट हवी" एवढंच लिहून दिलं तर आपण लगेच विचारतो, फास्ट म्हणजे किती सेकंद? सहलीच्या पत्रकातल्या "सोपी", "मध्यम" या शब्दांना मात्र आपण काहीच विचारत नाही. आम्ही एका कंपनीला विचारलं तेव्हा उत्तर आलं, "काळजी नको, ऐंशीच्या आजीसुद्धा येऊन गेल्यात!" त्या आजींचं कौतुकच आहे, पण त्यांच्या गुडघ्यांवरून आमच्या आईचे गुडघे कसे कळणार?

सरकारी यात्रांची तऱ्हा वेगळी. २०२० पासून बंद असलेली कैलास मानसरोवर यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिला वय १८ ते ७०, बीएमआय २५ पर्यंत आणि दिल्लीत वैद्यकीय तपासणी, असे आकड्यांतले नियम आहेत. (ओसीआय कार्डवाल्यांना मात्र या सरकारी यात्रेत प्रवेश नाही, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं.) अमरनाथला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि सहा आठवड्यांपुढच्या गर्भवतींना परवानगी नाही. नियम पटोत न पटोत, निदान आधी कळतात तरी!

खाजगी सहलीचे आकडे मात्र आपणच मागून घ्यायला हवेत. आम्ही चार प्रश्न काढले.

पहिला, रात्रीचा मुक्काम किती उंचीवर? लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. दिल्लीहून विमानाने दीड तासात माणूस तिथे पोचतो, पण शरीराला तेवढ्यात सवय होत नाही. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. इथे फिटनेसपेक्षा सवकाश चढणं महत्त्वाचं, म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती हवीच. गंमत म्हणजे "युरोप काय, सोपं!" म्हणताना आपण विसरतो की सगळ्या मराठी सहली जिथे जातात ते युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे. फरक इतकाच की तिथे आपण रात्री राहत नाही.

दुसरा, सलग चढ किती? गौरीकुंड ते केदारनाथ ही वाट साधारण १६ किलोमीटरची, आणि तेवढ्यात दीड हजार मीटरच्या वर चढायचं. "१६ किलोमीटर चालणं" या शब्दांत तो चढ दिसतच नाही. इथे आली असताना आमची आई समरसेट मॉलमध्ये तासभर आरामात फिरायची. त्या भरवशावर आम्ही तिला स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या वाळूत नेलं, आणि ती अर्ध्यावरच बसली! सपाटीवरचं चालणं चढाबद्दल काहीच सांगत नाही. तिथल्याच लेक मिशिगन ओव्हरलुकवर मात्र चोख ताकीद दिलेली आहे : तळं सुमारे ४५० फूट खाली आहे, उतरणं सोपं, वर येणं अतिशय दमवणारं. पाटी आपलं वय विचारत नाही. काय होईल ते सांगते आणि निर्णय आपल्यावर सोडते. सहलीचं पत्रक असंच हवं.

तिसरा, लागोपाठ किती दिवस, आणि एका दिवसात बसमध्ये किती तास? एक दिवस सगळेच निभावतात. पाचव्या दिवशी पहाटे पाचला उठून सुजलेल्या पायांनी पुन्हा बस गाठायची, ही खरी परीक्षा.

चौथा प्रश्न बायकांनाच कळेल असा : दोन स्वच्छतागृहांमध्ये अंतर किती? ते कळलं नाही की बायका पाणी प्यायचंच टाळतात, आणि उंचीवर नेमकं तेच महागात पडतं.

आणखी एक. आरोग्याचा फॉर्म भरताना आपल्या आया खरं लिहीत नाहीत. "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको" म्हणून गुडघेदुखी लपवायची, ब्लडप्रेशरची गोळी पर्समध्ये तळाशी ठेवायची. ही सवय त्यांना आपणच लावली. दुखतंय म्हटलं की आपण लगेच "मग जाऊ नकोस" म्हणतो ना!

पुढच्या रविवारी आम्ही आईची माफी मागितली आणि चारही प्रश्न तिला वाचून दाखवले. कंपनीला तिनेच फोन करून आकडे मिळवले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लेहला दोन दिवस जास्त राहणार असाल तर हरकत नाही. आता ती आठवड्यातून तीनदा पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढते आणि कुठे दम लागला ते न लपवता सांगते. जायचं की नाही हे मात्र तिचं तीच ठरवणार आहे.

सुरुवात आपल्या मंडळापासूनच करूया का? उन्हाळ्याच्या सहलीच्या सूचनेत "सर्वांना जमेल" असं न लिहिता पायऱ्या किती, चालणं किती, बाकडी कुठे, एवढं लिहूया. भारतातून आलेले कितीतरी आईबाबा त्या सूचना वाचत असतात.

तुमचे अनुभव जरूर कळवा!