निवासी शाळेची रात्र

‘पृथ्वी स्वतःभोवती फिरते’ हे वाक्य आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असते. ‘आकाश फिरते’ हे वाक्यही शतकानुशतके लोकांनी तितक्याच खात्रीने उच्चारले. एक खरे, दुसरे चूक. परंतु न तपासता म्हटले तर दोन्ही पाठांतरच. शिक्षणाचा खरा प्रश्न येथे सुरू होतो.

तारे तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकताना दिसतात. ध्रुवतारा मात्र जवळजवळ स्थिर राहतो, कारण पृथ्वीचा अक्ष त्याच्याच दिशेने रोखलेला आहे. महाराष्ट्रातून तो उत्तर क्षितिजापासून सुमारे १६ ते २२ अंश उंचीवर दिसतो. हे सारे डोळ्यांनी पडताळता येते. तरीही एवढ्यावरून निर्णय होत नाही. आकाश फिरले असते तरी दृश्य हेच असते. नावेतून जाणाऱ्याला काठावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, हा दाखला आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास दिला. ब्रह्मगुप्तांनी पृथ्वीच्या भ्रमणावर आक्षेप घेतला. पुढे १८५१ मध्ये फुको यांनी पॅरिसमध्ये लांब तारेला लोलक टांगला आणि त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू बदलते, हे सर्वांसमक्ष दाखविले. येथे नावाचा मोठेपणा नव्हे, पुरावा बोलला.

तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आचरणाविषयी होता. पण परंपरा, ग्रंथ किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून काही स्वीकारू नये, ही त्यातील कसोटी विज्ञानालाही लागू पडते. धम्म स्वीकारूनही काही घरांत मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीच्या विवाहाची चिंता वाहिली जाते. वृश्चिकाच्या शेपटीतील ते तारे सर्व घरांवरून सारखेच सरकतात, आणि तेही आपलीच पृथ्वी फिरते म्हणून, हे जिने स्वतः पाहिले व पडताळले, तिला त्या नक्षत्राची भीती कोण घालणार?

दिवसाच्या शाळांकडे नसलेली एक संपत्ती निवासी शाळेकडे आहे : रात्र. पावसाळा वगळता दर महिन्यात अमावास्येजवळची एक रात्र आकाशासाठी राखावी. दुर्बीण नको. अंगणातील दिवे मालवावेत, एखादा तारा झाडाच्या शेंड्याशी जुळवून पाहावा, तासाभराने पुन्हा नोंद घ्यावी. दुसऱ्या दिवशी तोच तारा सुमारे चार मिनिटे आधी तेथे का पोहोचतो, हे मुलांनीच विचारावे. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर अशी एक रात्रही शाळेला द्यावी.