भांगेची मात्रा मोजणार कोण?

वाराणसीच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या यात्रेकरूला सरकारमान्य भांगेच्या दुकानाची पाटी दिसते आणि दोन दिवसांत तिचे त्याला नवलही वाटेनासे होते. दुकान परवानाधारकाचे, परवाना राज्याच्या अबकारी खात्याचा, आणि गिऱ्हाईक ठंडाईत घालावयाचा हिरवा गोळा घेऊन उजळ माथ्याने घरी जाते. तोच गोळा पिशवीत घालून हा यात्रेकरू दादरला उतरला, तर मात्र तो गुन्हेगार ठरू शकतो. कारण १९४९ च्या ज्या दारूबंदी कायद्याला आज महाराष्ट्राचे नाव आहे, त्यानुसार परवान्यावाचून भांग बाळगणे या राज्यात निषिद्ध आहे. शेजारच्या गुजरातेत हाच कायदा होता. तेथील सरकारने २०१७ साली भांगेपुरता तो सैल केला. झाड तेच, पान तेच. राज्याची सीमा ओलांडली की त्याचा धर्म बदलतो.

याच्याही वर केंद्राचा कायदा आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा १९८५ चा अधिनियम झाडाचे भाग पाडतो. राळ म्हणजे चरस, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, ही दोन्ही निषिद्ध. शेंड्यांवाचून नुसती पाने व बी मात्र व्याख्येबाहेर. ही विभागणी आपल्या कायदेपंडितांची नव्हे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून ती आलेली आहे, आणि होळी-महाशिवरात्रीची भांग त्यामुळे वाचली. सणासुदीचा प्रश्न एवढ्याने सुटला. परंतु आता या दारात एक निराळाच माणूस येऊन उभा आहे. त्याला नशा नको आहे. केमोथेरपीनंतर पोटात अन्न ठरत नाही, मज्जातंतूंच्या विकाराने पाय ताठरतात, रात्रभर डोळा लागत नाही, म्हणून कोणी सांगितलेली गांजाची गोळी, वडी किंवा तेलाचे थेंब घ्यावेत की नाही, हे त्याला विचारावयाचे आहे. पाने की शेंडे, या कायद्याच्या प्रश्नाशी त्याला कर्तव्य नाही. किती घ्यावयाचे, हा त्याचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरच टाकलेली नाही.

मुळात या गोळीने गुण येतो काय? येथे उत्साही प्रचारक आणि संतप्त विरोधक या दोघांचीही निराशा होईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी जानेवारी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात तीन ठिकाणी भरीव पुरावा असल्याचे म्हटले होते: केमोथेरपीमुळे होणारी मळमळ व वांत्या, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा, आणि प्रौढांमधील जुनाट वेदना. यांतील वेदनेबाबत जगातील वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये हात आखडता घेतला. सर्वसाधारण शिफारस करावी इतका पुरावा नाही, असे तिचे मत पडले. वांत्यांविषयीच्या बऱ्याच चाचण्याही जुन्या औषधांशी तुलना करून झालेल्या आहेत. १९९० नंतर ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधे आली, ती आपल्याकडे स्वस्तातही मिळतात, आणि पहिला मान त्यांचाच आहे. लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर कॅनाबिडिऑल हे या वनस्पतीतील नशा न आणणारे द्रव्य अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले, ते रीतसर चाचण्या होऊन. कर्करोग बरा होतो हा दावा मात्र खुशाल बाजूला ठेवावा. थोडक्यात, काही रुग्णांना काही लक्षणांपासून थोडा आराम मिळतो. दुसरे औषध लागू पडत नसेल त्याला तो थोडा आरामही लाखमोलाचा वाटतो, हे ज्याने रुग्णाची उशापायथ्याची सेवा केली आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

आता मात्रेचा प्रश्न. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ साली या वनस्पतीच्या औषधी उपयोगावर निबंध वाचला. पाश्चात्य वैद्यकात तिचा शिरकाव झाला तो प्रामुख्याने त्या निबंधामुळे. संधिवाताच्या तीन रुग्णांना त्यांनी राळेची सारखीच मात्रा दिली. एक रुग्ण वाचाळ झाला व गाऊ लागला. दुसऱ्याचे अंग असे ताठरले, की हात वर उचलून ठेवावा तर तो तसाच राहावा. तिसऱ्यावर परिणामच दिसेना, आणि चौकशीअंती तो मुळातच गांजा ओढणारा निघाला! पुढे विलायतेत व अमेरिकेत गांजाचे अर्क शंभर वर्षे औषधांच्या दुकानांत विकले गेले. एका बाटलीचा गुण दुसऱ्या बाटलीत नाही, ही तक्रार त्यांच्या मागे कायम राहिली. अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातून १९४२ मध्ये ते वगळले गेले, त्यात करांचा व राजकारणाचा वाटा होताच; पण मोजता न येणाऱ्या औषधाची वकिली करणारेही फार उरले नव्हते. नशा आणणारे मुख्य द्रव्य, ज्याला संक्षेपाने टीएचसी म्हणतात, ते शुद्ध स्वरूपात वेगळे करता आले इस्राएलमध्ये, १९६४ साली. तेथून पुढे मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजणे शक्य झाले.

खाल्लेला गांजा तर ओढलेल्या गांजाहून अधिक फसवा. धुराचा परिणाम काही मिनिटांत कळतो. पोटात गेलेले द्रव्य यकृतातून फिरून, तेथे अधिक प्रभावी रूप घेऊन मेंदूपर्यंत पोहोचते. त्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो आणि अंमल सहा-आठ तास, कधी त्याहूनही अधिक टिकतो. भरल्या पोटी निराळे, रिकाम्या पोटी निराळे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून गांजाची खुली विक्री सुरू झाली आणि मार्चमध्येच एका तरुणाचा उंचावरून पडून मृत्यू झाला. गांजाच्या बिस्किटाचे सहा भाग करून एकेक घ्यावा, असे दुकानदाराने सांगितले होते. पहिल्या तुकड्याने काही होत नाही असे पाहून त्याने उरलेले सगळे खाल्ले. त्यानंतर त्या राज्याने दहा मिलिग्रॅमचा घास वेगळा ओळखू यावा, असे नियम कडक केले. कॅनडाने २०१९ मध्ये खाद्यपदार्थांना परवानगी देताना संपूर्ण वेष्टनालाच दहा मिलिग्रॅमची मर्यादा घातली. बनारसच्या हलवायाला हे मिलिग्रॅम ठाऊक नाहीत. गोळ्यात किती आहे हे त्याचा हात जाणतो, आणि तो हात उत्सवाला पुरेसा असला तरी सत्तर वर्षांच्या, हृदयविकाराची औषधे घेणाऱ्या रुग्णाला पुरेसा नाही.

कोणी म्हणेल, वेष्टनावर आकडा छापला की झाले. तेवढे सोपे असते तर बरे झाले असते. अमेरिकेतील तीन शहरांत रुग्णांसाठी विकले जाणारे ७५ खाद्यपदार्थ तपासून २०१५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. अवघ्या १७ टक्के पदार्थांत छापल्याइतके द्रव्य होते; २३ टक्क्यांत अधिक, आणि ६० टक्क्यांत कमी! म्हणजे बहुतेकांचे पैसे वाया आणि काहींच्या जिवाला घोर. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हे चित्र परिचित आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवून दिले, की मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तेथे खोटा माल खऱ्याला हुसकावून लावतो. मोटार घेणारा निदान चार दुकाने फिरू शकतो. वेदनेने पिचलेल्या माणसाची मागणी अलवचीक असते. सांगाल ती किंमत तो मोजतो आणि फसला तर ओरडावयाचे त्राणही त्याच्यात नसते.

हा बाजार आपल्याकडे यावयाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. तो आलेला आहे. आयुर्वेदात भांग विजया या नावाने प्रतिष्ठित आहे. जातिफलादि चूर्णात ती असते, मदनानंद मोदकात असते. औषधविषयक नियमांच्या ज्या अनुसूचीत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे, तिच्यातही बियांखेरीज भांग समाविष्ट आहे. म्हणून अशा औषधांवर वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. याच दारातून गेल्या काही वर्षांत विजयेची तेले, गोळ्या आणि जेलीच्या चघळावयाच्या वड्या बाजारात आल्या आहेत. चूर्णाची चिमूट देणारा वैद्य रुग्णाची नाडी पाहत असे. आता सल्लाही पडद्यावर मिळतो आणि पुडकेही घरपोच येते. शिवाय पानांपासून काढलेला दाट अर्क हा कायद्याने पानच, की कोणत्याही रूपातील राळेला चरस म्हणणाऱ्या व्याख्येत तो बसतो, याचाही वाद होऊ शकतो. तो सुटेपर्यंत प्रामाणिक उत्पादक कचरतो आणि बेडर उत्पादक बाजार काबीज करतो.

कायद्याचा वजनकाटा तर भलत्याच मापाचा. गांजा एक किलोपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, वीस किलोंहून अधिक असेल तर व्यापारी प्रमाण. २००९ च्या अधिसूचनेनंतर मिश्रणातील शुद्ध द्रव्याचे वजन न धरता सगळ्या मिश्रणाचे वजन धरले जाते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. तस्कराला पकडण्यासाठी हे ठीक असेल. खाद्यपदार्थाच्या बाबतीत मात्र याचा अर्थ असा, की गांजाबरोबर मैदा, साखर व तूपही तराजूत चढतात. रुग्णाच्या शरीरात किती मिलिग्रॅम गेले याचा पत्ता त्या तराजूला लागत नाही.

बंदीचे समर्थक तरुण पिढीकडे बोट दाखवतात. त्यांचे भय पोकळ नाही. कोवळ्या वयात नित्य सेवन केल्याने मनोविकारांचा धोका वाढतो, हे नाकारता येत नाही. परंतु औषध आणि व्यसन यांना एकाच कुलपात बंद केल्यावर काय होते, हे या देशाने मॉर्फिनच्या बाबतीत पाहिले आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकवून जगाला पुरवणाऱ्या भारतात, १९८५ च्या कायद्यानंतर कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी मिळेनाशी झाली. कायद्याने वैद्यकीय वापर मना केलेला नव्हता. परवान्यांची रांग एवढी लांब आणि चुकीची शिक्षा एवढी जबर होती, की रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायद्यात अत्यावश्यक गुंगीकारक औषधांचा वर्ग निर्माण करून एका परवान्याची सोय झाली, तोपर्यंत जवळजवळ तीस वर्षे उलटली होती. या तीस वर्षांत जे तळमळत गेले, त्यांची गणती कोणत्याही खात्याने ठेवलेली नाही.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने १८९३-९४ मध्ये सुमारे बाराशे साक्षी नोंदवून सरसकट बंदीविरुद्ध कौल दिला होता. कर व परवाने यांनी नियंत्रण ठेवावे, असा त्याचा सल्ला. त्यामागे महसुलाची ओढ नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, तरी माहिती गोळा करून मग निर्णय घेण्याची ती पद्धत अनुकरणीय होती. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्यविषयक आयोगाने गांजाला अत्यंत घातक द्रव्यांच्या अनुसूचीतून काढले, ते २७ विरुद्ध २५ मतांनी. त्या २७ मतांत भारताचे एक होते. देशांतर्गत कायद्यात त्या मताला साजेशी तरतूद अद्याप व्हावयाची आहे. १९८५ च्या कायद्याने वैद्यकीय व शास्त्रीय कामापुरती वाट मोकळी ठेवली आहे आणि लागवडीचे नियमन करण्याचे अधिकार राज्यांनाही दिले आहेत. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर सुरुवात त्याहूनही लहान गोष्टीपासून करता येईल, आणि तिला ना विधेयक लागते ना आयोग. अन्न व औषध प्रशासनाने परवान्यावर विकल्या जाणाऱ्या विजयेच्या प्रत्येक तेलाचे, गोळीचे व वडीचे नमुने उचलावेत, प्रयोगशाळेत तपासावेत, आणि कोणत्या वेष्टनावर किती मिलिग्रॅम छापले होते व आत किती निघाले, हा तक्ता दर तिमाहीस मराठीत प्रसिद्ध करावा.