निवतीची रापण आणि बेळगावचे पाहुणे

बेळगावजवळच्या आमच्या बेळगुंदीच्या माणसाला समुद्र नाही, पण समुद्राबद्दल मत मात्र ठाम असते. बांगडा मालवणचा चांगला की कारवारचा, यावर आमच्याकडे पारावर तासभर वाद रंगतो आणि वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी दोन्ही बंदरे पाहिलेली नसतात. आमचे स्वतःचे मासे म्हणजे मिरगाच्या मोठ्या पावसात ओढ्याने वर येणारे चढणीचे मासे. मार्कंडेयला पाणी आले की पोरेटोरे आणि म्हातारेही रात्री बॅटऱ्या घेऊन भाताच्या शेतात उतरतात. ती धमाल चार-आठ दिवसांची. पुढे वर्षभर आम्ही घाटाखालच्या मासळीच्या जिवावर. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि श्रावण पाळायचा, बाकीच्या दिवसांत कॅम्पातल्या मासळी बाजारात जाऊन दर विचारायचा आणि ‘मासे बरे हैत, खरं लई महाग’ असे म्हणत पिशवी पुढे करायची.

मासे वर येतात त्याच रस्त्याने आमची भाजी खाली जाते. बेळगावच्या मार्केटमधून कोबी, फ्लॉवर, मिरची, बटाटा आणि आमच्या शिवारातली रताळी भरून टेम्पो निघतात, ते सावंतवाडी, वेंगुर्ले, गोव्याच्या बाजारात रिकामे होतात. तिकडच्या गृहिणीला ‘बेळगावची भाजी’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, आम्हाला ‘मालवणचे मासे’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ही देवघेव जुनी आहे. वेंगुर्ल्यात डचांनी १६३८ मध्ये वखार घातली. १८१२ मध्ये ते बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. पुढे बेळगावात कॅम्प वसला तेव्हा पलटणीचा माल त्याच बंदरात उतरून घाटाने वर येऊ लागला. १८८८ मध्ये मुरगाव बंदर रेल्वेने जोडले गेले आणि वेंगुर्ल्याची रया गेली. बेळगावातला रामघाट रोड त्या जुन्या वाटेचे नाव अजून सांभाळून आहे. आपण त्याच्यावरून रोज गाड्या पळवतो आणि तो कुठे जायचा याचा विचारही करत नाही.

तर हे सगळे सांगायचे कारण निवती.

वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, म्हापण-कोचऱ्याच्या बाजूला समुद्रात घुसलेला एक डोंगर आहे. डोंगरावर निवतीचा किल्ला, पायथ्याशी बंदर म्हणावे एवढी वाळू, वाळूवर होड्या, होड्यांच्या मागे माड आणि माडांत घरे. एवढेच गाव. किल्ला १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतला. आता वर पडका तट आणि झाडोरा आहे. पण तटावरून भोगव्याची लांबलचक पुळण दिसते आणि समुद्राच्या बाजूला, हवा स्वच्छ असेल तर, निवती रॉकवरचे दीपगृह. या खडकांच्या पुंजक्याला जुन्या इंग्रजी नकाशांत ‘बर्न्ट आयलंड्स’ म्हटलेले आहे. जवळच्या सड्यावर चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, तरी निवती आडवाटेचीच राहिली. आम्ही शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी करत जातो. शेवटच्या वळणांवर मोबाइलची रेंज जाते आणि गाडीत मागे बसलेला कोणी तरी हमखास म्हणतो, “हितं काय न्हाईच की रे!”

काही नाही हे खरेच. हॉटेल म्हणावे असे काही नाही. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी माणसे आहेत. रात्री जेवताना घरच्या काकींनी विचारले, “खयचे तुमी?” बेळगावचे म्हटल्यावर त्या हसल्या. “मगे मासे खाऊक इलास!” नाकारण्यात अर्थ नव्हता. सोलकढीची वाटी पुढे सरकवत त्या म्हणाल्या, “सकाळी रापण आसा. येवचा आसल्यास पाचाक उठा. दोराक हात लावलास तर वाटो गावतलो.”

रापण आमच्या भागातल्या बहुतेकांनी फोटोतच पाहिलेली असते, म्हणून थोडे नीट सांगतो.

पाच वाजता वाळूवर अंधार होता आणि त्या अंधारात माणसे नुसती उभी होती. कोणी बोलत नव्हते. तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, पाण्याकडे बघत होता. थवा आला की पाण्याचा रंग बदलतो, वर पाखरे घिरट्या घालतात, पृष्ठभागावर बारीक थरथर दिसते, असे म्हणतात. मला सगळा समुद्र सारखाच दिसत होता. मग त्याने हात केला आणि होडी सुटली. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर माणसांच्या हातात ठेवायचा, होडीने जाळे सोडत सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घ्यायचे आणि दुसऱ्या टोकाचा दोर बऱ्याच अंतरावर पुन्हा वाळूवर आणून द्यायचा. म्हणजे आता समुद्राचा एक तुकडा वेढला गेला. इथून पुढचे काम निव्वळ अंगमेहनतीचे.

दोन्ही दोरांवर विशी-पंचविशीतल्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसे. पाण्याकडे तोंड करून, टाचा वाळूत रुतवून मागे मागे सरकायचे. सगळ्यात मागचा माणूस माडांपर्यंत पोचला की दोर सोडतो, चालत पाण्यापाशी येतो आणि पुढून पुन्हा धरतो. ही रांग अशी फिरत राहते. ओला दोर तळहात सोलून काढतो. माझ्या पुढच्या आजोबांच्या हाताला दोराच्या जाडीचा घट्टा पडलेला होता, दोर त्यात बरोबर बसायचा. माझे हात शाळेत खडू धरलेले. अर्ध्या तासात लालभडक. आजोबा मागे न बघता म्हणाले, “हातान नको, पाठीन वडा.”

दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. तासाभराने त्या जवळ आल्या आणि जाळ्याचा मधला भाग उथळ पाण्यात आला, तेव्हा आधी आवाज आला. हजारो शेपट्या एकदम पाण्यावर आपटल्याचा. मग ब्राह्मणी घारी खाली उतरल्या आणि आतापर्यंत गप्प असलेली माणसे एकदम ओरडू लागली. बांगडे होते, पेडवे होते, चार-दोन लेपे, सौंदाळे, ढीगभर जेलीफिश आणि पोट फुगवून बसलेले केंड. केंडाला शिव्या. तो जाळे कुरतडतो आणि खायच्या कामाचा नाही.

तांडेलाचा चेहरा बघून मला कळले की रापण काही फार मोठी लागलेली नाही. तरी वाटण्या झाल्या. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, रापणीत नाव असलेल्या घरांचे वाटे आणि दोर ओढायला आलेल्या प्रत्येकाला खाण्यापुरते मासे. ज्याच्या घरचा माणूस आजारी म्हणून येऊ शकला नव्हता, त्याचाही वाटा बाजूला काढलेला मी पाहिला. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळीतही हिशेब असतो, पण तो मुकादमाच्या वहीत. इथे हिशेब वाळूवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मांडला जातो आणि उन्हे वर यायच्या आत संपतो. माझ्या वाट्याला पाच बांगडे आले. आमचा एक मित्र म्हणाला, “एवडं ओढून एवडंच व्हय?” दुपारी तिरफळ घातलेली आमटी पुढे आली तेव्हा मात्र तो काही बोलला नाही.

आता दुसरे मासेमार. निवतीच्या किल्ल्याखालच्या खडकांवर सुट्टीच्या दिवशी बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडची मंडळी महागड्या काठ्या आणि रिळे घेऊन बसलेली दिसतात. छंद म्हणून माझी काही हरकत नाही. खडकावर एकट्याने गळ टाकून बसण्यात सुख आहेच. पण त्यांच्या शेजारी गावातले एखादे पोर रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस भिरकावते आणि आमचा छंदिष्ट रील फिरवत असताना दोन मासे काढून घरी जाते, हेही तिथेच दिसते. दुसरे असे, की हे खडक शेवाळाचे आहेत आणि लाट सांगून येत नाही. गावातली माणसे ‘थयसर बसा नको’ म्हणतात तेव्हा त्यांना आपली मजा बघवत नाही असे समजू नये.

पण माझे भांडण गळवाल्यांशी नाही. खोल समुद्रात जे चालते त्यापुढे त्यांचा गळ म्हणजे काहीच नव्हे. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात. पर्ससीन जाळे हा थवा वेढून खालून पिशवीसारखे आवळते आणि सगळाच्या सगळा उचलते. त्यातून वाचलेला थवा किनाऱ्याकडे आला तरच रापणीला मासे. म्हणजे रापणीचे पोट भरायचे की रिकामे राहायचे, हे बरेचसे आधीच, काही मैल आत ठरून जाते. सिंधुदुर्गात यावरून पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले २०१५ मध्ये आचऱ्याच्या समुद्रात एकमेकांना भिडले. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाचा आधार घेऊन महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करायच्या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. १९८१ च्या राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दंड वाढवणारी दुरुस्तीही झाली. कागदावर सगळे आहे. निवतीच्या वाळूवर रात्री बसलात आणि आत क्षितिजावर दिव्यांचा झगमगाट दिसला, तर ते काय आहे हे गावातल्या कोणालाही विचारा. उत्तर लगेच मिळेल, थोड्या शिव्यांसकट.

गोव्याने हा धडा आपल्या आधी घेतला. तिथे १९७० च्या दशकात ट्रॉलर वाढले तेव्हा माथानी साल्ढाणांसारखी माणसे रांपणकारांच्या बाजूने रस्त्यावर उतरली. किनाऱ्यालगतचा समुद्र लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवावा, ही त्यांची मागणी. आज गोव्याच्या कित्येक किनाऱ्यांवर रांपण ओढायला गावातली माणसे मिळत नाहीत आणि ज्या वाळूवर जाळी सुकायची तिथे आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. केरळात हीच पद्धत कंबवला नावाने चालते, तिथलेही गाऱ्हाणे वेगळे नाही.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून या किनाऱ्यासाठी योजनांची कमतरता नाही. निवती रॉकजवळ पाणबुडीतून समुद्राचा तळ दाखवायची घोषणा झाली. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका त्याच परिसरात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करायची योजना पुढे आली. बुडालेल्या जहाजाभोवती मासे जमतात, हे शास्त्र बरोबर आहे. पाहुणे येतील, खोल्या भरतील, काकींच्या घरात चार पैसे येतील, तेही बरोबर. माझी शंका साधी आहे. युद्धनौका बुडवायला जेवढी यंत्रणा उभी राहते, तिच्या दहाव्या हिश्शाने जरी गस्त वाढली, तर एलईडीचे दिवे विझतील. पण गस्तीच्या बोटीचे उद्घाटन करायला फीत कापावी लागते एकदाच, आणि डिझेल भरावे लागते रोज.

निवतीचे मासेमार पर्यटनाच्या विरोधात आहेत असे मला कुठे आढळले नाही. उलट त्यांचीच पोरे डॉल्फिन दाखवायच्या होड्या चालवतात. डॉल्फिनची फेरी तासाभराची, पैसे रोख, हात सोलत नाहीत. मग दोर ओढायला कोण येणार? त्या सकाळी रांगेतले बहुतेक लोक पन्नाशीच्या पुढचे होते. जाळी आता नायलॉनची आहेत, होडी फायबरची आहे, इंजिनही आले. पण रापणीला शेवटी चाळीस-पन्नास जोड्या हात लागतात आणि तेच कमी पडताहेत. तांडेलाला मी याबद्दल विचारले. तो म्हणाला, “मासो आसलो तर पोरां येतत. मासो नाय तर कित्याक येतली?” या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे मागण्यात अर्थ नाही, ते मत्स्य खात्याकडे मागायला हवे. आणि रोज बांगडा खाणाऱ्या आपणही ते मागायला हरकत नाही, राज्य वेगळे असले म्हणून काय झाले.

तर वाचकहो, निवतीला जरूर जा, पण काही गोष्टी ध्यानात ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. नाताळच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा गावाला श्वास घ्यायला जागा नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. रापण आहे का, हे आदल्या संध्याकाळी विचारा. नसेल तर आपल्यासाठी ओढा असे सांगू नका, तो खेळ नाही. मासे वाळूवरच विकत घ्या, रोख द्या, घासाघीस करू नका. आणि पहाटे दोर हातात घेतलात, तर जाळे बाहेर येईपर्यंत फोटोसाठी तो सोडू नका.